उशीर कुठे ठेवायचा

कन्सोलवरचा खेळ संगणकावर रेकॉर्ड करायचा म्हटलं की पहिला प्रयोग बहुतेक घरांत एकच होतो. प्लेस्टेशनची एचडीएमआय केबल टीव्हीतून उपसायची आणि लॅपटॉपच्या कडेला असलेल्या तशाच पोर्टमध्ये खुपसायची. केबल छान बसते, पण पडद्यावर काही उमटत नाही. लॅपटॉपचं ते पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. चित्र आत घ्यायची सोय त्यात, तुरळक अपवाद सोडले तर, नसते. मग कोणीतरी कॅप्चर कार्ड घ्यायला सांगतं. ते येतं, जोडलं जातं, लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या चौकटीत खेळ दिसायला लागतो आणि सगळे खूश होतात. थोड्याच वेळात खेळणारा वैतागून कंट्रोलर खाली ठेवतो. उडीचं बटण दाबलं की पात्र जरा विचार करून उडतं. नेम धरेपर्यंत शत्रू सरकलेला असतो. "लॅग मारतोय" ही तक्रार इथे पहिल्यांदा ऐकू येते.

आणि इथूनच खरेदी सुरू होते. आणखी महाग कार्ड, जास्त रॅम, नवा प्रोसेसर, जाडजूड सोनेरी टोकांची केबल. यातल्या निम्म्याहून अधिक खर्चाची गरज नसते असं माझं ठाम मत आहे. केबलवरच्या सोन्याची तर कधीच नसते.

कन्सोलमधून निघालेल्या चित्राला संगणकाच्या पडद्यावर पोचायला लागणारा वेळ शून्य करता येत नाही. तो कमी होतो, संपत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की हा उशीर कोणाच्या वाट्याला द्यायचा ते ठरवावं. क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातून "आऊट!" असा ओरडा येतो आणि आपल्या मोबाईलवर गोलंदाज अजून धावतच असतो. आपण काही सेकंद मागे असतो, पण शेजारी ओरडला नसता तर ते कळलंही नसतं आणि सामन्याची मजाही तसूभर कमी झाली नसती. फलंदाजाला मात्र चेंडू उशिरा दिसून चालणार नाही. रेकॉर्डिंग करणारा संगणक हा सामना बघणारा आहे आणि कंट्रोलर हातात धरलेला माणूस फलंदाज. या दोघांना एकाच पडद्यासमोर बसवलं, की तक्रारीला सुरुवात होते.

आता उशीर नेमका किती आणि तो कुठून येतो ते पाहू. आजचे बहुतेक वेगवान खेळ सेकंदाला 60 फ्रेम काढतात, म्हणजे एका फ्रेमचं आयुष्य साधारण 16.7 मिलिसेकंद. कॅप्चर कार्ड एचडीएमआयवरून आलेली फ्रेम आपल्या स्मृतीत साठवतं आणि मग यूएसबीवरून पुढे ढकलतं. संगणकातला ड्रायव्हर ती रांगेत उभी करतो. ओबीएस आपल्या ठोक्याला रांगेतून उचलतं, तिच्यावर कॅमेऱ्याची चौकट किंवा नाव चढवतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतं; ती इतर खिडक्यांबरोबर हे चित्र जुळवून मॉनिटरकडे पाठवते. प्रत्येक टप्प्यावर फ्रेमचा थोडा वेळ जातो. कोणताही एक टप्पा आळशी नसतो, पण बेरीज चार-सहा फ्रेमवर सहज जाते, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. कोड्यांच्या खेळात हे जाणवणारही नाही. मारामारीच्या खेळात, जिथे प्रतिस्पर्ध्याचा वार अडवायची मुभाच मोजक्या फ्रेमची असते, तिथे एवढ्या वेळात डाव हातचा गेलेला असतो. 2004 च्या ईव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा सलग वारांचा हल्ला एकेक करून परतवला. आजही हौशी मंडळी ती लढत पुन्हा पुन्हा पाहतात. स्पर्धेतल्या पडद्याऐवजी दाइगोसमोर ओबीएसची चौकट असती तर तो पहिल्याच काही लाथांत आडवा झाला असता.

उशिराचा जुना परिचय आपल्याकडच्या एका पिढीला वेगळ्याच वाटेने झाला आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या टीव्ही गेमसोबत बदकं मारायची बंदूक मिळायची. मूळ खेळ निन्टेन्डोचा 'डक हंट', 1984 चा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक त्या नेमक्या क्षणी उजेड दिसतो का ते पाही. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तशी ओळ रंगवायचा, त्यामुळे ही युक्ती जमायची. आजच्या सपाट टीव्हीला तीच बंदूक रोखली तर एकही बदक पडत नाही. चौकोन येतो, पण कन्सोलने बघणं थांबवल्यानंतर. नेमबाजी बिघडली नाही, टीव्ही बदलला. सपाट टीव्ही चित्र आधी घासूनपुसून घेतो, हालचाल गुळगुळीत करतो, कडा धारदार करतो, मग दाखवतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या लॅगबद्दल बोलण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते पाहावं. अनेक घरांत कॅप्चर कार्डावर फोडलेलं खापर खरं तर टीव्हीचं असतं.

आता उपायाकडे. बऱ्यापैकी दर्जाच्या प्रत्येक कॅप्चर कार्डाला एचडीएमआयची दोन पोर्ट असतात: एक आत येणारं, एक बाहेर जाणारं. बाहेरच्या पोर्टला पासथ्रू म्हणतात. कन्सोलचा सिग्नल कार्डात शिरला की त्याचे दोन फाटे होतात. एक जवळपास जसाच्या तसा, वाट न पाहता, टीव्हीकडे निघून जातो. दुसरा संगणकाकडे आपल्या गतीने जातो. खेळणाऱ्याने फक्त टीव्हीकडे बघायचं. लॅपटॉपवरचं चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे असो की दोन सेकंदांनी, त्याने तिकडे पाहायचंच नाही. माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच आहे आणि तो अमलात आणायला एक जादा एचडीएमआय केबल पुरते.

दोन सेकंद हा आकडा मी उगाच घेतला नाही. एल्गाटोचं गेम कॅप्चर एचडी हे 2012 चं छोटं काळं यंत्र कित्येक यूट्यूबरांच्या पहिल्या व्हिडिओंमागे होतं. त्यात संगणकावरचं चित्र काही सेकंद मागे चालायचं, आणि तरी लोकांनी त्यावर तासन् तास उत्तम रेकॉर्डिंग केलं, कारण खेळायचे ते टीव्हीवर. हा उशीर आला कुठून हे समजण्यासाठी थोडं गणित करावं लागतं. 1920 गुणिले 1080 म्हणजे एका फ्रेममध्ये 20,73,600 बिंदू. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर साडेबारा कोटींच्या घरात बिंदू, आणि रंगांत थोडी काटछाट करूनही प्रत्येक बिंदूला 16 बिट. गुणाकार सेकंदाला जवळपास 200 कोटी बिटांवर जातो. यूएसबी 2.0 ची कागदावरची क्षमता 48 कोटी. यातून एवढा माल जाणार कसा? दाबून. म्हणून त्या यंत्रात एच.264 पद्धतीने चित्र आवळणारी चिप होती. ही पद्धत पुढच्या-मागच्या फ्रेमची तुलना करून जागा वाचवते, तेव्हा तिला काही फ्रेम हाताशी जमवाव्या लागतात. शिवाय संगणकाला ते पुन्हा उलगडावं लागतं. सेकंद तिथे जायचे. यूएसबी 3.0 आलं, कागदावरची क्षमता 500 कोटी बिटांवर गेली, आणि 2016 मध्ये त्याच कंपनीचं एचडी60 एस आलं तेव्हा चित्र न आवळता पाठवणं शक्य झालं.

याच गणितात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त डाँगलचं रहस्य आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 4के लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं. डाँगल 4के सिग्नल स्वीकारतो, पुढे पाठवतो मात्र बराच लहान करून. यातल्या पुष्कळशा डाँगलांत मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस2109 ही चिप असते. ती यूएसबी 2.0 वर चालते आणि प्रत्येक फ्रेम सुट्या जेपीईजी छायाचित्रासारखी दाबून पाठवते. त्यामुळे उशीर सेकंदांत जात नाही, पण गवत, पाऊस, धूर अशा बारीक हालचालीत चित्र चिखलासारखं होतं. या चिपच्या आवाजाचीही एक गंमत आहे. ती संगणकाला सांगते की माझा आवाज 96 किलोहर्ट्झचा, मोनो. प्रत्यक्षात तो असतो 48 किलोहर्ट्झचा, स्टिरिओ. डावा-उजवा आवाज एकाआड एक रचलेला असल्याने सगळं विचित्र ऐकू येतं आणि माणूस केबल बदलत बसतो. अशा बहुतेक डाँगलांना पासथ्रूही नसतो, म्हणजे खेळायचं तर लॅपटॉपच्या चौकटीत बघूनच. एखादा शांत खेळ, क्लासमधलं प्रात्यक्षिक, जुन्या खेळाची आठवण जपणं एवढ्यासाठी ते ठीक आहेत. यूएसबी 3.0 चं कार्ड घेतलं तर ते लॅपटॉपच्या यूएसबी 3.0 पोर्टलाच लावायचं, मध्ये हब नको. हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण "कार्ड खराब निघालं" म्हणून परत गेलेल्या खोक्यांपैकी कित्येक निव्वळ चुकीच्या पोर्टात लावलेली असणार, अशी मला दाट शंका आहे.

पासथ्रूमुळे खेळणारा सुटला. आता उशिराची दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ती अधिक फसवी आहे कारण ती खेळताना दिसत नाही. रेकॉर्डिंग उघडून बघावं तर बॉसचा फटका बसायच्या आधीच खेळणारा "आई गं!" म्हणून ओरडलेला असतो. माणूस टीव्हीवर फटका बघतो आणि ओरडतो. मायक्रोफोनमधून ओरडणं संगणकात लगेच पोचतं, पण त्या फटक्याचं चित्र कार्ड, यूएसबी आणि रांग असा प्रवास करून मागाहून येतं. यावर उपाय असा की मायक्रोफोनला मुद्दाम उशीर लावायचा. चेहऱ्याचा कॅमेरा असेल तर त्यालाही. ओबीएसमध्ये आवाजासाठी सिंक ऑफसेट आणि चित्रासाठी विलंबाचे फिल्टर त्यासाठीच आहेत. नवख्या माणसाला हे पटत नाही. लॅग घालवायला बसलो आणि तुम्ही आणखी लॅग घालायला सांगता, असा त्याचा चेहरा होतो. पण सगळेच सारखे मागे असले की प्रेक्षकाच्या लेखी कोणीच मागे नसतं.

तिसरा प्रकार रेंगाळत येतो. सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळलेलं असतं आणि तासाभराने ते सुटतं. दोन घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात, म्हणून असं होतं. मायक्रोफोनचं घड्याळ वेगळं, कार्डाचं वेगळं. चित्राच्या बाबतीत याला एक ऐतिहासिक कारणही जोडलेलं आहे. अमेरिकेने 1953 मध्ये रंगीत टीव्हीची एनटीएससी पद्धत स्वीकारली. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून साठाचा वेग हजारात एक भागाने कमी करून 59.94 केला. तो आकडा आजही अनेक कन्सोलच्या सिग्नलमध्ये जिवंत आहे. ओबीएसला सपाट 60 सांगितलं तर दर सतराएक सेकंदांनी एक फ्रेम दोनदा छापली जाते. संथ सरकणाऱ्या पार्श्वभूमीवर तो हलका गचका दिसतो. इथे 59.94 निवडावं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, पन्नासाच्या हिशेबाचा, त्यामुळे साठाशी जोडलेलं हे अपूर्णांकी लचांड आपल्याकडे कोणी शाळेत शिकवलं नाही. युरोपातल्या पाल कन्सोलवर मात्र जुने कित्येक खेळ चक्क सहाव्या भागाने संथ चालायचे आणि तिथल्या मुलांना तोच त्यांचा खरा वेग वाटायचा.

आता सिग्नलवरच्या कुलुपांबद्दल थोडक्यात. इंटेलने विकसित केलेलं एचडीसीपी नावाचं संरक्षण सिग्नलवर असलं की कॅप्चर कार्डाला काळा पडदा मिळतो. प्लेस्टेशन 3 च्या एचडीएमआयवर ते कायम असायचं, म्हणून त्या काळचे लोक पाच टोकांच्या कंपोनंट केबलने रेकॉर्ड करत. प्लेस्टेशन 4 आला 2013 च्या नोव्हेंबरात, आणि खेळांपुरतं हे कुलूप बंद करायची सोय 2014 च्या एप्रिलअखेरच्या 1.70 अद्ययावतीकरणात मिळाली. प्लेस्टेशन 5 मध्येही एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे. बंद केला की नेटफ्लिक्ससारखी अॅप चालत नाहीत, हवी तेव्हा परत चालू करायची. एक्सबॉक्स वन आणि स्विच खेळ चालू असताना आडकाठी करत नाहीत.

कन्सोल स्वतःच रेकॉर्डिंग करतात, मग ही एवढी यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे. प्लेस्टेशन 4 शेअरच्या बटणावर गेली पंधरा मिनिटं जपून ठेवायचा. स्विच 2017 च्या ऑक्टोबरपासून शेवटची तीस सेकंदं देतो. एखादा गोल किंवा गमतीशीर चूक मित्रांना दाखवायची तर तेवढं पुष्कळ आहे आणि त्यात लॅगचा प्रश्नच नाही. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये स्विचवर आणलेल्या 'राजी'ची पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत मराठीत समालोचनासह फिल्म करायची असेल, तर तीस-तीस सेकंदांचे तुकडे जोडत बसणं शक्य नाही. तिथे संगणक लागतो.

संगणकाच्या बाजूला काळजीची बाब एकच, आणि खेळणाऱ्याच्या उशिराशी तिचा संबंध नाही. संगणक दमला तर फ्रेम गळतात आणि चित्र अडखळतं. पाहणारा त्यालाही लॅगच म्हणतो. चित्र आवळण्याचं काम मुख्य प्रोसेसरवर टाकलं तर जुना लॅपटॉप धापा टाकतो. इंटेलच्या चिपमध्ये 2011 पासून आणि एनव्हिडियाच्या कार्डांत 2012 पासून यासाठी वेगळा भाग असतो, तो निवडावा. खेळ कन्सोलवर चालत असल्याने संगणकाला बाकी काही काम नसतं, त्यामुळे मध्यम प्रतीचा संगणकही पुरतो. सेकंदाला 5 कोटी बिट या सढळ दराने तासाला साधारण साडेबावीस जीबी जागा जाते, ती आधी मोकळी ठेवावी. फाइल एमकेव्हीमध्ये ठेवावी. साध्या एमपी4 ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर तासाभराची मेहनत उघडेनाशी होते. ज्यांच्या गावात भारनियमन आहे त्यांना मी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवायला सांगेन.

जुन्या कन्सोलचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे यंत्रांची गैरसमजूत होते. सुपर निन्टेन्डो किंवा पहिला प्लेस्टेशन पाठवतो 240 ओळींचं पूर्ण चित्र, सेकंदाला 60 वेळा. पुष्कळ कॅप्चर कार्डांना वाटतं की हे जुन्या प्रक्षेपणातलं अर्धं-अर्धं, एकाआड एक ओळींचं चित्र आहे. मग ते दोन फ्रेम एकत्र विणतात, वेग निम्म्यावर येतो आणि कडा दातेरी होतात. या खेळांत मार बसलेलं पात्र लुकलुकतं, म्हणजे एका फ्रेममध्ये असतं आणि पुढच्या फ्रेममध्ये नसतं. सेकंदाला 30 फ्रेमवर रेकॉर्ड केलं तर ते एकतर सलग दिसतं, नाहीतर पार गायब होतं. प्रेक्षकाला वाटतं खेळातच दोष आहे. ओएसएससीसारखी यंत्रं अशा वेळी उपयोगी पडतात. ती पूर्ण फ्रेम साठवत न बसता ओळ आली की ती दुप्पट-तिप्पट करून पुढे देतात, त्यामुळे उशीर नगण्य राहतो आणि कार्डाला ओळखीचा सिग्नल मिळतो.

एवढी फ्रेमची चिंता कशासाठी, असं वाटेल. रेकॉर्डिंग हा पुरावा असतो. 'डाँकी काँग'च्या आर्केड विक्रमांवरून बिली मिचेलविरुद्ध वाद उठला तेव्हा जुन्या टेपा फ्रेमगणिक तपासल्या गेल्या. एक टप्पा संपून दुसरा उमटताना पडद्यावरचे गर्डर कोणत्या क्रमाने रेखाटले जातात ते मूळ मशीनवर एक प्रकारे होतं आणि मेम या एम्युलेटरवर दुसऱ्या प्रकारे. त्यावरून विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने 2018 मध्ये त्याचे विक्रम यादीतून काढले. मिचेलने आरोप नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2024 च्या जानेवारीत तडजोड होऊन ते विक्रम ऐतिहासिक नोंदींत ठेवले गेले. निकाल कोणाच्या बाजूचा हा आपला विषय नाही. काही फ्रेमपुरतं दिसणारं दृश्य टेपेवर टिकलं होतं म्हणून वाद घालता तरी आला. वेगाने खेळ संपवण्याच्या स्पर्धांत आजही व्हिडिओ थांबवून पहिली आणि शेवटची फ्रेम मोजतात. तिथे गळलेली फ्रेम म्हणजे गळलेला पुरावा.

पुढच्या प्रकरणांत जोडणीची चित्रं आणि सेटिंगचे तक्ते आहेत. त्याआधी घरच्या घरी करायची एक तपासणी इथेच सांगतो, कारण तिला काही विकत आणावं लागत नाही. टीव्ही गेम मोडवर ठेवावा आणि त्याचा आवाज खोलीत मोठा करावा. ओबीएसमध्ये खेळाचा आवाज एका ट्रॅकवर आणि मायक्रोफोन दुसऱ्या ट्रॅकवर लावून मिनिटभर रेकॉर्ड करावं; खेळात उडी मारावी, नाणं उचलावं, तलवार आपटावी, जे टोकदार वाजेल ते. मायक्रोफोनने टीव्हीचा तोच आवाज ऐकलेला असतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅकच्या लहरी एकाखाली एक ठेवल्या की मायक्रोफोनचं टोक आधी आणि खेळाचं मागाहून दिसतं. मधलं अंतर मिलिसेकंदांत मोजून तेवढाच उशीर मायक्रोफोनला लावायचा. कार्डाचं पोर्ट, रेझोल्यूशन किंवा बफरिंगची सेटिंग यांतलं काहीही बदललं की हा आकडा बदलतो आणि मोजणी नव्याने करावी लागते.